न्यायमूर्ती बेंजामिन कार्डोझो : न्यूयॉर्कच्या न्यायासनावरील अठरा वर्षे

न्यूयॉर्क राज्यातील 'सुप्रीम कोर्ट' हे नाव आपल्या लोकांना हमखास चकवते. मुंबईहून किंवा इस्राएलहून तेथे गेलेल्या माणसाला वाटते, की दिल्लीच्या किंवा यरुशलेमच्या सर्वोच्च न्यायालयासारखे हे काही असावे. प्रत्यक्षात तेथे साक्षीपुरावे होतात, ज्युरी बसते, घटस्फोटाचे अर्जही तेथेच दाखल होतात. त्या राज्यातील सर्वांत वरचे न्यायालय म्हणजे ऑल्बनी या राजधानीच्या शहरातील 'कोर्ट ऑफ अपील्स'. हा फरक आरंभीच सांगून ठेवतो. ज्या न्यायमूर्तींची हकीकत आम्हांला सांगावयाची आहे ते या दोन्ही न्यायालयांचे न्यायाधीश होते. आणि त्यांपैकी पहिल्यात त्यांच्या आधी त्यांचे वडीलही बसत होते. वडिलांना ती खुर्ची बेअब्रू होऊन सोडावी लागली होती.

बेंजामिन नाथन कार्डोझो यांचा जन्म २४ मे १८७० रोजी न्यूयॉर्क शहरात झाला. त्यांच्याबरोबर जुळी बहीण जन्मली, तिचे नाव एमिली. घराणे सफारदी यहुद्यांचे. पूर्वज लंडनमार्गे अठराव्या शतकाच्या मध्यास अमेरिकेत आले, म्हणजे अमेरिका स्वतंत्र होण्याच्याही आधी. न्यूयॉर्कच्या 'शेअरिथ इस्राएल' या मंडळीत हे घराणे पिढ्यान्‌पिढ्या मोडत असे. ही उत्तर अमेरिकेतील सर्वांत जुनी यहुदी मंडळी. तिचा आरंभ १६५४ साली ब्राझीलमधील रेसिफेहून आलेल्या तेवीस जणांपासून धरतात. शहर तेव्हा डच लोकांच्या ताब्यात होते. तेथील प्रार्थनेची रीत आपल्याप्रमाणे सफारदी आहे, त्यामुळे आपल्यापैकी कोणी तेथे शब्बाथला गेल्यास त्याला फारसे परके वाटू नये.

आईचे नाव रेबेका वॉशिंग्टन नाथन. मधले नाव पाहून वाचकांना गंमत वाटेल. नव्या देशाच्या पहिल्या अध्यक्षाचे आडनाव मुलीला देणारी ती मंडळी होती. आज परदेशी वाढणाऱ्या आपल्या नातवंडांची नावे ऐकून नाके मुरडणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. आईकडच्या नात्यात हजान गेर्शोम मेंडिस सेइक्सास होते. १७७६ साली इंग्रज फौज न्यूयॉर्क घेणार असे दिसताच त्यांनी सिनेगॉगमधील सेफर तोरा बरोबर घेऊन शहर सोडले होते. स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्यासाठी कविता लिहिणारी एमा लाझारस हीदेखील याच नात्यातली. थोडक्यात, घराणे जुने, शिकलेले आणि आपल्या प्रतिष्ठेची जाणीव असलेले होते. म्हणूनच पुढे जे घडले ते त्यांना अधिक लागले.

वडील आल्बर्ट कार्डोझो १८६८ साली न्यूयॉर्कच्या सुप्रीम कोर्टाचे न्यायाधीश झाले. हुशारीविषयी कोणाची तक्रार नव्हती. पण त्या काळी शहराचा कारभार 'टॅमनी हॉल' या राजकीय टोळीच्या आणि तिचा म्होरक्या बॉस ट्वीड याच्या मुठीत होता, आणि न्यायाधीशही त्यांच्याच कृपेने निवडून येत. ईरी रेल्वे कोणाच्या ताब्यात राहावी यावरून बड्या धनिकांत झगडे चालले होते. जे गूल्ड आणि जिम फिस्क हे त्यांतले दोघे. सकाळी एका न्यायाधीशाने मनाई हुकूम द्यावा आणि दुसऱ्याने तो उलटवावा, असा बाजार मांडला होता. त्याला कंटाळून शहरातील वकिलांनी १८७० साली आपली स्वतंत्र संघटना काढली आणि पुढे विधिमंडळाने चौकशी लावली. तिच्यात तीन न्यायाधीश सापडले : जॉर्ज बार्नार्ड, जॉन मॅकन आणि आल्बर्ट कार्डोझो. कार्डोझो यांच्यावरील आरोपांत एक असा होता, की कोर्टातर्फे द्यावयाच्या किफायतशीर नेमणुका त्यांनी पत्नीच्या तरुण भाच्याला भराभर दिल्या आणि त्याच्या फीमधील वाटा स्वतःकडे वळता केला. बार्नार्ड व मॅकन यांना पदच्युत करण्यात आले. आल्बर्ट यांनी तो प्रसंग येण्यापूर्वी, १८७२ च्या मे महिन्यात, राजीनामा दिला. राजीनाम्यामुळे वकिलीची सनद वाचली आणि १८८५ साली मरेपर्यंत ते वकिली करीत राहिले. बेंजामिन त्या वेळी अवघे दोन वर्षांचे.

त्या घराच्या मागे दुसरेही दुःख होते. ज्या मामाचे नाव मुलाला दिले होते ते बेंजामिन नाथन न्यूयॉर्कच्या शेअरबाजारातील बडे गृहस्थ. मूल दोन महिन्यांचे असताना त्यांचा स्वतःच्या घरात रात्री खून झाला आणि खुनी कधी सापडला नाही. १८७९ साली आई वारली. मुलाला वाढवले ते अकरा वर्षांनी मोठ्या असलेल्या एलन या बहिणीने. घरात तिला नेली म्हणत. गरीब मुलगा कष्टाने मोठा होतो अशा गोष्टी लिहून अमेरिकाभर गाजलेला होरेशियो ऑल्जर हा काही काळ त्यांचा घरचा मास्तर होता. पंधराव्या वर्षी मुलगा कोलंबिया कॉलेजात गेला. ज्या वर्षी प्रवेश मिळाला त्याच वर्षी वडील गेले.

कोलंबियाच्या लॉ स्कूलमध्ये ते दोन वर्षे होते. तेवढ्यात अभ्यासक्रम तीन वर्षांचा करण्यात आला. यांनी तिसऱ्या वर्षासाठी न थांबता १८९१ साली सनद घेतली आणि थोरल्या भावाबरोबर, वडिलांच्या मागे राहिलेल्या कचेरीत, काम सुरू केले. कायद्याची पदवी त्यांनी घेतली नाही ती नाहीच. पुढची बावीस वर्षे ते वकील होते, पण भाषणे ठोकणारे वकील नव्हेत. दुसऱ्या वकिलांना अवघड मुद्दा आला की ते यांच्याकडे येत. अपिलाचे कागद तयार करावे तर यांनीच. १९०३ साली त्यांनी एक पुस्तक लिहिले, तेही कोर्ट ऑफ अपील्सच्या अधिकारकक्षेवर. त्या कोर्टाच्या पायऱ्या चढण्याची तयारी त्यांनी अशी आधीच केली होती, असे म्हणावयास हरकत नाही.

येथे १८९५ सालची एक हकीकत सांगितली पाहिजे, कारण आपल्या वाचकांना ती जवळची वाटेल. शेअरिथ इस्राएल मंडळीने सेंट्रल पार्कच्या पश्चिमेला नवे सिनेगॉग बांधावयास घेतले होते. तेव्हा सूचना आली, की नव्या इमारतीत स्त्रीपुरुषांनी एकत्र बसावे, जुन्या चाली थोड्या सैल कराव्यात. आजूबाजूच्या श्रीमंत सिनेगॉगांत तसे होऊ लागले होते. सभा भरली. कार्डोझो तेव्हा पंचवीस वर्षांचे होते आणि स्वतः धर्माचार फारसा पाळीत नव्हते. तरी ते उठले आणि जुन्या रीतीच्या बाजूने बोलले. मंडळीने जुनी रीत ठेवली. १८९७ साली ते सिनेगॉग उघडले, आणि बायकांच्या जागा आपल्या मुंबईकडच्या जुन्या मशिदींप्रमाणे वर गॅलरीत आहेत. ज्याची श्रद्धा डळमळीत झाली त्याने परंपरेसाठी का बोलावे, असे कोणी विचारील. आम्हांला यात विसंगती दिसत नाही. एरवी सिनेगॉगकडे न फिरकणारी आणि तरीही मिनाग बदलण्याची गोष्ट निघाली की सर्वांत आधी उभी राहणारी माणसे आपल्या समाजातही आहेत. ते शेवटपर्यंत त्या मंडळीचे सभासद राहिले.

१९१३ साली टॅमनी हॉलच्या विरोधकांनी एकत्र येऊन निवडणूक लढवली आणि सुप्रीम कोर्टाच्या जागेसाठी कार्डोझो यांचे नाव दिले. न्यूयॉर्कमध्ये हे न्यायाधीश मतदारांकडून निवडले जातात. आपल्याकडील वकिलांना ही पद्धत विचित्र वाटते, आणि आल्बर्ट कार्डोझो यांची गोष्ट वाचल्यावर ती शंका अगदीच खोटी आहे असे म्हणवत नाही. तथापि त्याच पद्धतीने मुलगाही निवडून आला. ज्या टॅमनीच्या संगतीने वडील बुडाले त्याच टॅमनीच्या उमेदवाराचा पराभव करून, वडिलांच्याच कोर्टात, एकेचाळीस वर्षांनी, १९१४ च्या जानेवारीत ते बसले.

तेथे ते जेमतेम महिनाभर होते. कोर्ट ऑफ अपील्सपुढे खटले तुंबले म्हणजे सुप्रीम कोर्टाचे काही न्यायाधीश तात्पुरते तिकडे घेण्याची सोय राज्यघटनेत होती. गव्हर्नर मार्टिन ग्लिन यांनी फेब्रुवारीत त्यांना ऑल्बनीला धाडले. त्या न्यायालयात बसलेले ते पहिले यहुदी. १९१७ साली ती जागा कायमची झाली, १९२६ च्या निवडणुकीत ते मुख्य न्यायाधीश झाले आणि १९३२ पर्यंत तेथे राहिले.

राज्याच्या न्यायालयापुढे येणारे खटले सहसा देशाच्या घटनेचे नसतात. चाक मोडते, भिंत पडते, भागीदार भांडतात, ऑपरेशन बिघडते. त्यात ऑल्बनीला एक पद्धत होती : निकालपत्र कोणी लिहावयाचे हे पाळीपाळीने ठरे. म्हणजे चांगले खटले कार्डोझोंनी निवडून घेतले असे नाही. पाळीला आलेला खटला ते चांगला करीत.

पहिल्याच वर्षीचा एक खटला घ्या. मेरी श्लोएन्डॉर्फ नावाच्या बाईने न्यूयॉर्क हॉस्पिटलवर फिर्याद केली होती. तिचे म्हणणे असे, की भूल देऊन फक्त तपासा, कापू नका, असे मी बजावले होते. तरी डॉक्टरांनी पोटातील गाठ काढली, पुढे हात सडला आणि बोटे गेली. कार्डोझो यांनी लिहिले, की मन ठिकाणावर असलेल्या प्रौढ माणसाच्या शरीराचे काय करावयाचे हे ठरवण्याचा हक्क त्याचा स्वतःचा आहे, आणि संमतीवाचून शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर त्याच्यावर हल्ला करतो. आज अमेरिकेतल्या इस्पितळात दाखल होताना जो संमतीचा कागद पुढे येतो आणि आपण घाईने सही करतो, त्या कागदाच्या पूर्वजांत या निकालाची गणना होते. मात्र ती बाई खटला हरली. धर्मादाय इस्पितळ डॉक्टरांच्या चुकीला जबाबदार नाही, हा त्या वेळचा नियम त्यांनी कायम ठेवला. तो नियम न्यूयॉर्कमध्ये १९५७ साली मोडला.

१९१६ चा मॅकफर्सन विरुद्ध ब्युइक हा खटला सर्वांत प्रसिद्ध. डोनाल्ड मॅकफर्सन हा कबरीचे दगड घडवणारा कारागीर. त्याने दुकानदाराकडून ब्युइक मोटार घेतली. सॅराटोगा स्प्रिंग्जजवळ ती चालवत असताना एका चाकाच्या लाकडी आऱ्या मोडल्या आणि तो गाडीखाली सापडला. चाक कंपनीने दुसऱ्या कारखान्याकडून विकत घेतले होते आणि लाकूड खराब होते. कंपनी म्हणाली, आमचा करार दुकानदाराशी. या माणसाशी आमचा काय संबंध? इंग्लंडच्या जुन्या कायद्याप्रमाणे हे उत्तर पुरेसे होते. विष, स्फोटके असल्या जात्याच धोकादायक वस्तूंनाच काय तो अपवाद असे. १८५२ साली याच न्यायालयाने चुकीची चिठ्ठी लावून विष विकणाऱ्या औषधवाल्याला जबाबदार धरले होते. कार्डोझो यांनी तो धागा पकडून ताणला. वस्तू निष्काळजीपणे बनवल्यास जीव धोक्यात येणार असेल, आणि ती विकत घेणाऱ्या दुकानदाराखेरीज इतरांच्या वापरात जाईल हे माहीत असेल, तर बनवणाऱ्यावर काळजी घेण्याची जबाबदारी आहेच, करार असो वा नसो. टपालगाड्यांच्या जमान्यातले दाखले आजच्या प्रवासाला लागू पडत नाहीत, असा त्यांचा रोख होता. निकाल लिहिण्याची धाटणी मात्र अशी, की आपण नवे काही करीत नसून जुनेच नीट वाचतो आहोत असे वाटावे. १९३२ साली इंग्लंडात लॉर्ड ॲटकिन यांनी बाटलीतल्या गोगलगायीचा प्रसिद्ध निकाल दिला तेव्हा या निकालाचा आधार घेतला. तो गोगलगायीचा खटला भारतातील लॉ कॉलेजांत शिकवला जातो. त्याच्या मागे ऑल्बनी उभे आहे हे थोड्यांच्या ध्यानात असते.

१९२१ साली एका मुलाची हकीकत त्यांच्यापुढे आली. सोळा वर्षांचा हार्वी हाइन्स हार्लेम नदीत पोहावयास गेला होता. रेल्वेच्या हद्दीतून पाण्यावर आलेल्या फळीच्या टोकावर तो उडी मारण्यासाठी उभा असता, रेल्वेच्या विजेच्या तारा तुटून त्याच्यावर पडल्या आणि तो मेला. खालची कोर्टे म्हणाली, फळी रेल्वेच्या जमिनीत रोवलेली, तेव्हा मुलगा आगंतुक. त्याच्याशी कंपनीचे देणेघेणे नाही. कार्डोझो यांना हा हिशोब मान्य झाला नाही. नदी सर्वांची, पाण्यात पोहणाऱ्याचा जो हक्क तो त्याने फळीवर पाय ठेवल्याने संपत नाही. मुलाच्या आईला दाद मिळाली.

पण सर्वच निकाल आपल्याला पटतील असे नाही. १९२४ च्या ऑगस्टमध्ये हेलन पाल्सग्राफ ही बाई आपल्या दोन मुलींना घेऊन रॉकअवेच्या समुद्रकिनाऱ्यावर निघाली होती. ब्रुकलिनमधील ईस्ट न्यूयॉर्क स्टेशनावर दुसऱ्याच एका गाडीत एक माणूस धावत चढू लागला. रेल्वेच्या नोकरांनी त्याला आत ओढले, मागून ढकलले. त्याच्या हातातील पुडके पडले. पुडक्यात फटाके होते. स्फोट झाला आणि फलाटावरचा वजनकाटा कोसळून त्या बाईला लागला. ज्युरीने तिला सहा हजार डॉलर देवविले. १९२८ साली कोर्ट ऑफ अपील्सने चार विरुद्ध तीन मतांनी ते काढून घेतले. कार्डोझो यांचे तर्कशास्त्र असे, की नोकरांची चूक झाली असली तर ती पुडकेवाल्याच्या बाबतीत; लांब उभ्या असलेल्या बाईला त्यातून इजा होईल हे कोणाच्या डोळ्यांना दिसण्यासारखे नव्हते, म्हणून तिच्यापुरती चूकच नाही. न्यायमूर्ती अँड्र्यूज यांनी विरुद्ध मत दिले. अमेरिकेतील कायद्याचा प्रत्येक विद्यार्थी पहिल्या वर्षी या दोघांचे भांडण वाचतो. तर्क म्हणून निकाल बिनतोड आहे. पण धुणीपुसणी करून मुली वाढवणाऱ्या त्या बाईवर वर कोर्टखर्चही बसवण्यात आला, आणि निकालपत्रात तिच्या परिस्थितीविषयी अवाक्षर नाही. हाइन्सच्या आईला पाहणारी नजर येथे कोठे गेली, असे आम्हांला वाटल्यावाचून राहत नाही.

त्याच १९२८ साली भागीदारीचा एक खटला निकाली निघाला, आणि आमच्या मते त्यांच्या आयुष्याशी सर्वांत जवळचा हाच. फिफ्थ ॲव्हेन्यू आणि बेचाळिसाव्या रस्त्याच्या कोपऱ्यावरील ब्रिस्टॉल हॉटेल सॅमन नावाच्या गृहस्थाने १९०२ साली वीस वर्षांच्या पट्ट्याने घेतले. निम्मे पैसे माइनहार्डचे, कारभार सॅमनचा. मुदत संपत आली तेव्हा मालकाने सॅमनपुढे नवा आणि कितीतरी मोठा पट्टा ठेवला. सॅमनने भागीदाराला न सांगता तो स्वतःसाठी घेतला. येथे फसवणूक झाली असे कोणी म्हणत नव्हते. पट्टा संपला, भागीदारी संपली, असे अँड्र्यूज यांनी विरुद्ध मतात लिहिलेच. पुन्हा चार विरुद्ध तीन. परंतु कार्डोझो यांनी लिहिले, की ज्याच्यावर दुसऱ्याने विश्वास टाकला आहे त्याला बाजारातला प्रामाणिकपणा पुरत नाही, त्याच्याकडून त्याहून कडक आणि नाजूक सचोटीची अपेक्षा आहे, आणि कोर्टांनी ही पातळी थोडीथोडी करून खाली आणता कामा नये. माइनहार्डला नव्या पट्ट्यात जवळजवळ निम्मा वाटा मिळाला. हे शब्द लिहिताना पन्नाससाठ वर्षांपूर्वीच्या त्या नेमणुका आणि तो वाटा त्यांच्या मनात होता की काय, ते आम्ही सांगू शकत नाही. वाचणाऱ्याच्या मनात मात्र ते येते.

ऑल्बनीचे काम आटोपले की ते न्यूयॉर्कला पश्चिम पंचाहत्तराव्या रस्त्यावरील घरी परतत. घरात नेली असे. दोघांनीही लग्न केले नाही. आईच्या माघारी जिने वाढवले तिच्या म्हातारपणात आणि आजारपणात भाऊ तिच्याजवळ राहिला. १९२१ साली येल विद्यापीठात त्यांनी न्यायाधीश निकाल कसा देतो यावर व्याख्याने दिली, आणि त्या लहानशा पुस्तकाने त्यांचे नाव जगभर झाले. न्यायाधीश कायदा फक्त शोधत नाही, काही अंशी तो घडवतोही, हे त्यांनी खुर्चीवर असतानाच कबूल केले. नेली १९२९ साली वारली. घर रिकामे झाले.

१९३२ च्या जानेवारीत वॉशिंग्टनच्या सर्वोच्च न्यायालयातून वृद्ध न्यायमूर्ती होम्स निवृत्त झाले. त्यांच्या जागी कार्डोझोच हवेत असा आग्रह वकिलांनी आणि विद्यापीठांनी धरला. अध्यक्ष हूवर यांच्यापुढे अडचणी होत्या : तेथे न्यूयॉर्कचे दोन न्यायमूर्ती आधीच होते आणि एक यहुदीही होता, ब्रँडाइस. हूवर यांनी तरीही फेब्रुवारीत नाव पाठवले आणि सेनेटने एकमताने मान्य केले. त्या न्यायालयात मॅक्रेनॉल्ड्स नावाचे न्यायमूर्ती होते. त्यांचा यहुदीद्वेष जगजाहीर होता. त्यांनी नव्या सहकाऱ्याशी कशी वागणूक ठेवली असेल, याची कल्पना वाचकांनी करावी.

वॉशिंग्टनला ते सहा वर्षे होते. त्या काळातील एकच गोष्ट येथे सांगतो. २४ मे १९३७ रोजी, त्यांच्या सदुसष्टाव्या वाढदिवशी, सोशल सिक्युरिटीचा कायदा घटनेला धरून आहे असा निकाल न्यायालयाने दिला. तो त्यांनी लिहिला होता. म्हातारपणातील कंगालपणा हा एकेका राज्याने सोडवण्याचा प्रश्न नसून साऱ्या देशाचा आहे, असे त्याचे सूत्र. अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या वडीलधाऱ्यांच्या हाती दरमहा जी रक्कम पडते तिची कायदेशीर वाट त्या दिवशी मोकळी झाली.

त्याच वर्षाच्या अखेरीस त्यांना हृदयविकार झाला, पुढे पक्षाघात. ९ जुलै १९३८ रोजी पोर्ट चेस्टर येथे, कोर्ट ऑफ अपील्समधील जुने सहकारी आणि मित्र अर्विंग लेमन यांच्या घरी ते वारले. क्वीन्समधील सायप्रेस हिल्सच्या बेथ ओलाम कबरस्तानात, आपल्या मंडळीच्या जागेत त्यांना पुरले. १९७६ साली येशिवा युनिव्हर्सिटीने न्यूयॉर्क शहरात कायद्याचे कॉलेज काढले, त्याला बेंजामिन कार्डोझो यांचे नाव दिले आहे. तेथे पदवी सहसा तीन वर्षांनी मिळते.